आंतरराष्ट्रीय व्यवहार संस्थेचा खरा कारभारी कोण? अध्यक्ष, संचालक की सभासद?

तिसरी तासिका:

नमस्कार. मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले. तेव्हा वर्गात त्या पदाविषयी बोलताना मी ओघात सांगितले की उपराष्ट्रपती जसे राज्यसभेचे सभापती असतात, तसेच दिल्लीच्या सप्रू हाउसमधील इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स या परराष्ट्र व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे पदसिद्ध अध्यक्षही असतात. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, म्हणजे २१ जुलैला धनखड यांनी राजीनामा दिला त्या दिवसापासून नवे उपराष्ट्रपती शपथ घेईपर्यंत त्या संस्थेला अध्यक्षच नव्हता. तरी तिचे काम अडले नाही. मग अध्यक्ष नेमके करतात तरी काय?"

मी "ते मानाचे पद आहे" एवढे बोलून वेळ मारून नेली, पण ते उत्तर माझे मलाच पटलेले नाही. अशा संस्थांमध्ये अध्यक्ष, परिषद, नियामक मंडळ, महासंचालक अशी बरीच पदे असतात, दरवर्षी अहवाल निघतो, हिशेब मंजूर होतात, काही ठिकाणी सभासदांची वार्षिक सभा आणि निवडणूकही होते. या सगळ्यात निर्णय घेणारा हात कोणाचा असतो? लंडनच्या चॅटम हाउस या अशाच अभ्याससंस्थेचे उदाहरण नेहमी दिले जाते, तिथला कारभार आपल्याकडच्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का? माझ्याकडे आहे ती पुस्तकी माहिती, त्यामुळे जाणकारांनी थोडे सविस्तर लिहावे ही विनंती.


जुनी कात्रणे:

मॅडम, आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अभ्यासक्रमात आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यातील द्विदल राज्यपद्धती आपण शिकवत असालच. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती होती. अर्थ, पोलीस आणि जमीनमहसूल ही राखीव खाती मात्र गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाने स्वतःकडे ठेवली होती. या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार करणारे लायोनेल कर्टिस हेच चॅटम हाउसच्या संस्थापकांपैकी एक होते, हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. कारण अशा प्रत्येक संस्थेत एक द्विदल पद्धती चालूच असते. भाषणे, स्वागत, दीपप्रज्वलन, अहवालाची प्रस्तावना ही सोपीव खाती. संचालकाची नेमणूक आणि पैसा ही राखीव. आणि सहसा कोणाचे लक्ष जात नाही असे तिसरे राखीव खाते म्हणजे सभासदांची वही, म्हणजे कोणाला सभासद करून घ्यायचे आणि कोणाचा अर्ज फडताळात ठेवायचा हा अधिकार.

आता सप्रू हाउसकडे वळू. त्याचा जन्मच या राखीव खात्यांच्या भांडणातून झाला. १९३६ मध्ये चॅटम हाउसशी संलग्न अशी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स दिल्लीत निघाली होती, पण तिच्यावर सरकारी छाप इतकी गडद होती की राष्ट्रीय वृत्तीच्या विद्वानांना तिथे आपले मत मोकळेपणाने मांडता येईल असे वाटेना. म्हणून १९४३ मध्ये सर तेजबहादूर सप्रू आणि पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने ही दुसरी, बिनसरकारी संस्था उभी राहिली. कुंझरूंचा पुण्याशी संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९३६ पासून आजन्म अध्यक्ष होते. इकडे सप्रूंच्या पश्चात या कौन्सिलची धुराही त्यांनी दीर्घकाळ वाहिली.

बिनसरकारी असण्याचा त्या काळात किती उपयोग झाला, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९४५ च्या जानेवारीत अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे पॅसिफिक संबंधांवरील परिषद झाली, तेव्हा विजयालक्ष्मी पंडित या कौन्सिलच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून तिथे गेल्या आणि ब्रिटिश हिंदुस्थान सरकारला नको असलेला सूर त्यांनी तिथे लावला. (पुढे १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या, तेव्हा राजभवन आणि सप्रू हाउस यांचे नाते आजचे नाही.) दुसरे उदाहरण मार्च १९४७ मधील आशियाई संबंध परिषदेचे. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, त्यामुळे यजमानपद सरकारऐवजी या संस्थेकडे आले आणि पुराना किल्ल्यात सरोजिनी नायडूंच्या अध्यक्षतेखाली वीसहून अधिक देशांचे प्रतिनिधी जमले. तिच्या 'इंडिया क्वार्टर्ली' या नियतकालिकाचा आरंभ १९४५ चा. १९५५ मध्ये नेहरूंच्या हस्ते सप्रू हाउसचे उद्‌घाटन झाले आणि त्याच वर्षी तिथे इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. पुढे १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले.

माझ्या मते संस्थेची खरी हानी त्या विलीनीकरणानंतर सुरू झाली. संशोधक आणि विद्यार्थी गेले, इमारत आणि ग्रंथालय उरले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दिल्लीकरांना सप्रू हाउस ठाऊक होते ते तिथल्या सभागृहात रंगणाऱ्या पंजाबी विनोदी नाटकांमुळे! नाटकांशी माझे वैर नाही, पण परराष्ट्र धोरणाचा विचार करणाऱ्या संस्थेची ओळख तिच्या भाड्याच्या सभागृहावरून व्हावी हे काही ठीक लक्षण नव्हते. अंतर्गत वाद वाढले, व्यवस्थापनाविषयी तक्रारी झाल्या आणि ग्रंथालयाची आबाळ झाली. १९९० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून संस्था ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही. दहा वर्षांनी पुन्हा वटहुकूम निघाला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा केला. तो १ सप्टेंबर २००० पासून अमलात आल्याचे मानले गेले आणि संस्था 'राष्ट्रीय महत्त्वाची' ठरली.

तेव्हापासून तिन्ही राखीव खाती एकाच बाजूला आहेत. महासंचालकाची नेमणूक केंद्र सरकार करते. पैसा परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानातून येतो. परिषदेवर कोण असावे हे कायदा ठरवतो. उपराष्ट्रपतींचे अध्यक्षपद हे या रचनेचे शिखर आहे, पण इमारत शिखरावर उभी नसते. म्हणून ते दीड-पावणेदोन महिने रिकामे राहिले तरी कारभार चालला.


टेम्सकाठचा सदाशिव:

वरील विवेचन उत्तम आहे. फक्त त्यातून असा समज होऊ नये की लंडनमध्ये सगळे सभासदांच्या मतांवर चालते. मी काही वर्षे चॅटम हाउसचा वर्गणीदार सभासद होतो, त्यामुळे थोडे जवळून पाहिलेले सांगतो.

संस्थेची कल्पना १९१९ च्या मे महिन्यात पॅरिसमधील मॅजेस्टिक हॉटेलात निघाली. शांतता परिषदेसाठी आलेल्या ब्रिटिश आणि अमेरिकी तज्ज्ञांनी दोन्ही देशांची मिळून एकच संस्था काढायची असे ठरवले होते, पण प्रत्यक्षात दोन निघाल्या. लंडनची १९२० मध्ये स्थापन झाली, आणि न्यूयॉर्कची कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स १९२१ मध्ये. सेंट जेम्स स्क्वेअरमधील दहा क्रमांकाचे घर १९२३ मध्ये कॅनडाचे कर्नल लेनर्ड आणि त्यांच्या पत्नी यांच्या देणगीतून मिळाले. पिट, डर्बी आणि ग्लॅडस्टन हे तीन पंतप्रधान एकेकाळी त्या घरात राहून गेलेले होते. १९२६ मध्ये राजसनद मिळाली, आणि आजही संस्थेच्या घटनेचा पाया ती सनदच आहे.

त्या सनदेतील एक तरतूद आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. संस्थेने संस्था म्हणून आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या कोणत्याही बाबीवर मत व्यक्त करू नये, असे बंधन तिच्यावर घातलेले आहे. लेखक, संशोधक, वक्ते हवे ते म्हणोत, ते मत त्यांचे. वरवर ही पळवाट वाटते, पण कारभाराच्या दृष्टीने तिचा मोठा फायदा असा की नियामक परिषदेला 'आपली भूमिका काय' या विषयावर कधी मतदान घ्यावे लागत नाही आणि सभासदांमध्ये त्यावरून तट पडत नाहीत. लोक ज्याला 'चॅटम हाउस नियम' म्हणतात तो वेगळा. तो १९२७ चा आहे, १९९२ आणि २००२ मध्ये त्याची शब्दरचना सुधारली गेली, आणि सभेत मिळालेली माहिती वापरावी पण ती कोणी सांगितली व तो कोणत्या संस्थेचा हे उघड करू नये एवढेच तो म्हणतो. संस्थेच्या प्रत्येक बैठकीला तो आपोआप लागू होत नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

आता पदांविषयी. तिथे अध्यक्ष एक नसून तीन असतात, आणि ते वेगवेगळ्या राजकीय परंपरांतून यावेत असा संकेत आहे. हुजूर पक्षाचे जॉन मेजर, लिबरल डेमोक्रॅट पॅडी ॲशडाउन, मजूर पक्षाचे जॉर्ज रॉबर्टसन यांनी हे पद भूषवले आहे. कात्रणेसाहेबांच्या भाषेत ही सोपीव खाती. खरी जबाबदारी परिषदेची, कारण कायद्याने तीच धर्मादाय संस्थेची विश्वस्त आहे. तिचे सदस्य सभासदांच्या मतदानाने तीन वर्षांच्या मुदतीसाठी निवडले जातात आणि उन्हाळ्यातील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हिशेब, लेखापरीक्षकांची नेमणूक आणि वर्षाचा आढावा येतो. परिषदेचे प्रमुखपद काही काळ जिम ओ'नील यांच्याकडे होते, ज्यांनी ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांच्यासाठी 'ब्रिक' ही संज्ञा रूढ केली. त्यांच्यानंतर ते अमेरिकेतील माजी राजदूत नायजेल शाइनवाल्ड यांच्याकडे आले. आणि रोजचा कारभार संचालकाचा. रॉबिन निब्लेट २००७ ते २०२२ अशी पंधरा वर्षे संचालक होते. त्या काळात परिषदेचे सदस्य आले आणि गेले, ब्रिटनचे पंतप्रधानही किती झाले ते मोजायला एका हाताची पाचही बोटे लागतील. त्यांच्या जागी पत्रकारितेतून आलेल्या ब्रॉनवेन मॅडॉक्स आल्या. ज्याची नेमणूक एकदाच होते आणि जो सव्वा तप त्या खुर्चीत बसतो, त्याच्या हातून संस्थेला वळण लागते. दरवर्षीच्या मतपत्रिकेने लागत नाही.

सभासदांच्या मतदानाविषयी माझे मत काहीसे कडवट आहे. मतपत्रिका घरी येते, उमेदवारांचे परिचय वाचून सगळेच लायक वाटतात, आणि वर्गणीत निघणारा खर्च तो किती! संशोधनाचा मोठा भाग प्रतिष्ठाने, सरकारे आणि कंपन्या यांच्या निधीवर चालतो. देणगीदारांची यादी संस्था रकमेच्या गटांनुसार प्रसिद्ध करते हे मान्य करायला हवे. तरी 'संस्था सभासदांची' हे वाक्य मी जरा दबकूनच उच्चारतो.

सरकारी पैशाचा प्रश्नही तिथे नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी संस्थेचे अनेक संशोधक इतिहासकार अर्नॉल्ड टॉयन्बी यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात बसून सरकारसाठी परदेशी वृत्तपत्रांचे विश्लेषण करत होते. १९४३ मध्ये तो विभाग सरळ परराष्ट्र खात्याने आपल्यात सामावून घेतला. म्हणजे ज्या वर्षी दिल्लीत सरकारी छायेतून बाहेर पडण्यासाठी नवी संस्था निघाली, त्याच वर्षी लंडनच्या संस्थेची एक शाखा सरकारात विलीन झाली.


आयत्या वेळचे विषय:

मी एका तालुक्याच्या गावातील व्याख्यानमालेचा चिटणीस आहे. एवढ्या मोठ्या संस्थांपुढे आमची काय कथा! तरी सभासदांच्या वहीचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष अनेक वर्षे एक मान्यवर गृहस्थ होते, जे उद्‌घाटनाला येत आणि समारोपाला दिलगिरीचे पत्र पाठवत. त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अशी की चौदा वर्षे कोषाध्यक्ष एकच होते आणि नव्या सभासदांचे अर्ज 'पुढील बैठकीत विचारार्थ' या शेऱ्यासह एका फाइलीत साठत होते. वार्षिक सभा दरवर्षी नियमाने होत असे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची आणि त्या सभेला गणपूर्तीची अट नाही या पोटनियमाच्या आधारे नऊ जणांनी सगळे विषय मंजूर करायचे, हा प्रघात इतका रुळला होता की चहा त्या दुसऱ्या सभेच्या वेळेलाच सांगितला जात असे. इतिवृत्त वाचणाऱ्याला मात्र सर्व ठराव एकमताने झाल्याचे दिसे, आणि ते खोटेही नव्हते. धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, आम्ही कधी चुकवला नाही, कारण बदलच होत नसे.

म्हणून सप्रू हाउसच्या बाबतीत सरकारला दोष देण्याआधी त्या संस्थेतील सभासदांनी ऐंशीच्या दशकात काय केले, किती जण सभेला गेले, हेही विचारायला हवे असे मला वाटते. रिकाम्या सभागृहात कोणी तरी येऊन बसतोच.


तिसरी तासिका:

तिघांचेही मनापासून आभार. द्विदल पद्धतीची उपमा मी उद्याच वर्गात वापरणार आहे. मात्र दोन शंका राहिल्या.

पहिली ही, की आपल्याकडे महासंचालक सरकार नेमते आणि ते बहुधा परराष्ट्र सेवेतील निवृत्त अधिकारी असतात. आयुष्यभर ज्या धोरणाची अंमलबजावणी केली, त्याच धोरणाची चिकित्सा करणारे व्यासपीठ त्यांनी चालवावे अशी अपेक्षा रास्त आहे का? दुसरी शंका शिक्षिकेची आहे. विद्यार्थ्यांच्या हाती काही देता येईल का? प्रत्यक्ष कागद पाहिल्याशिवाय त्यांना हे सारे ऐकीव वाटेल.


जुनी कात्रणे:

पहिल्या शंकेचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येणार नाही. २००९ ते २०१२ या काळात आपले सुधीर देवरे तिथे महासंचालक होते, आणि पुढे पाकिस्तानात उच्चायुक्त राहिलेले टी. सी. ए. राघवन झाले. राघवन इतिहासकार म्हणूनही ओळखले जातात. अशा माणसांकडे अनुभव आणि अभ्यास दोन्ही असतात, दूतावासांची दारे त्यांना उघडी असतात, आणि परदेशी संस्थांशी करार करताना त्यांचा शब्द चालतो. पण आपली शंका त्यांच्या योग्यतेविषयी नाही, रचनेविषयी आहे, आणि तिथे ती खरी आहे. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या, सरकारनेच नेमलेल्या प्रमुखाच्या संस्थेकडून चालू धोरणावरील टोकदार टीकेची अपेक्षा ठेवणे हा त्या माणसावरच अन्याय आहे. तिच्याकडून ग्रंथालय, अभिलेख, नियतकालिक आणि परदेशी विद्वानांना बोलावून घडवलेल्या चर्चा यांची अपेक्षा ठेवावी, आणि ती मात्र कसून ठेवावी. टीकेचे काम विद्यापीठांनी आणि खाजगी संस्थांनी करावे. सदाशिवरावांनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोक्यावरही देणगीदार असतातच, पण तो निदान वेगळा देणगीदार असतो. एका गावात दोन सावकार असले तर ऋणको जरा मोकळा श्वास घेतो.

चिटणीसांच्या मुद्द्याशी मी बराच सहमत आहे, पण पूर्णपणे नाही. सभासद सुस्त झाले म्हणून व्यवस्था बदलणे समजते, परंतु तो बदल करताना सभासद हा घटकच नाहीसा करायला हवा होता असे नव्हे. १९४३ च्या संस्थेत जो कोणी वर्गणीदार म्हणून उठून प्रश्न विचारू शकत होता, त्याची जागा आता संसदेत बसलेल्या प्रतिनिधीने घेतली आहे, आणि तो प्रतिनिधी इतर शंभर कामांत असतो.

आपल्या दुसऱ्या शंकेसाठी मात्र याच बदलाचा एक फायदा आहे. कायद्याने स्थापन झालेली संस्था असल्यामुळे तिचा वार्षिक अहवाल आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अभिप्रायासह तपासलेले हिशेब संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात, म्हणजे ते सर्वांना पाहायला मिळतात. विद्यार्थ्यांना दोन लागोपाठच्या वर्षांचे अहवाल द्यावेत आणि प्रस्तावना, छायाचित्रे, पाहुण्यांच्या याद्या ओलांडून मागच्या पानांकडे जायला सांगावे. अनुदान किती आले, त्यातले वेतनावर किती, ग्रंथालयावर किती, संशोधनावर किती गेले, लेखापरीक्षकांनी मागच्या वर्षी काढलेला आक्षेप या वर्षी पुन्हा आला आहे का, हे त्यांनी स्वतः कागदावर मांडावे. मग पदांची यादी घेऊन प्रत्येकापुढे 'राखीव' किंवा 'सोपीव' असे लिहावे. वर्गात मतभेद होतील, आणि ते झालेलेच बरे.

आणखी एक तारीख त्यांना शोधायला लावावी. आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत असे कागद पटलावर यावेत असा संसदेचा संकेत आहे, आणि उशीर झाला तर त्याची कारणे सांगणारे वेगळे निवेदन सोबत जोडावे लागते. ते एकपानी निवेदन सहसा कोणी वाचत नाही. आपल्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला ते आधी वाचायला द्या.